सत्तर हजारांचा फरक

आमची सोसायटी बांधली जात होती तेव्हा बिल्डरच्या ब्रोशरमध्ये जिम, स्विमिंग पूल आणि त्याखाली ठळक अक्षरात स्क्वॉश कोर्ट असं छापलेलं होतं. कोर्ट खरंच आहे, खोटं कशाला बोला. फक्त त्यात एक टेबल टेनिसचं टेबल आहे ज्याचा एक पाय मोडलाय, मागच्या वर्षीच्या गणपतीचं मखर आहे, आणि मंगळवार-गुरुवार सकाळी बायकांचा झुंबाचा क्लास असतो. पुण्यात नवीन झालेल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये ज्यांचं जाणंयेणं आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. माझी भाची आठवीत असताना सुट्टीत माझ्याकडे राहायला आली आणि मखर बाजूला सरकवून त्या भिंतीवर बॉल मारायला लागली, तिथून आमच्या घरात स्क्वॉश, म्हणजे बंद खोलीत भिंतीवर बॉल मारायचा हा खेळ, शिरला. ताईची नोकरी असल्यामुळे तिला प्रॅक्टिसला सोडणं, टूर्नामेंटला नेणं हे मावशीच्या म्हणजे माझ्या वाट्याला आलं, आणि चार वर्षं गॅलरीत बसून बसून मला जे दिसलं त्यावरून हे लिहितेय.

एक टूर्नामेंट सांगते. कुठली, कुणाची ते सोडा, कारण असं चालणारी ती काही एकटीच नाही. अंडर-१७ मुलांची फायनल संध्याकाळी सहा वाजता काचेची मागची भिंत असलेल्या मेन कोर्टवर, समोर खुर्च्या, प्रमुख पाहुणे, फोटोग्राफर. मुलींची फायनल दुपारी अडीचला मागच्या कोर्टवर, जिथे बघायचं तर वर चढून लोखंडी कठड्यावरून खाली वाकावं लागतं, आणि त्यातही एक ट्यूबलाइट फडफडत होती. स्क्वॉशचा बॉल थंड असला की मेल्यासारखा पडतो, उडतच नाही, तो हाताने चोळून, भिंतीवर मारून मारून गरम करावा लागतो. या दोघी पोरी चार मिनिटं बॉल गरम करतायत आणि रेफ्रीच नाही, कारण रेफ्री जेवत होता. भाची जिंकली. बक्षीस म्हणून मुलाला रॅकेट आणि रोख तीन हजार, हिला अठराशे आणि तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. डबा चांगला निघाला हो, ताई अजून ऑफिसला नेते. पण मुलीने टूर्नामेंट जिंकली की तिला डबा द्यावा हे ज्याच्या डोक्यात आलं त्या माणसाला मला एकदा भेटायचं होतं, आणि भेटले पण, ते शेवटी सांगते.

तेव्हा मला वाटलं होतं की हा आपल्याकडचा गावठीपणा. मग वाचलं की २०१९ मध्ये स्पेनमध्ये, अस्तुरियास प्रांताच्या स्क्वॉश स्पर्धेत जिंकलेल्या बाईला ट्रॉफीबरोबर व्हायब्रेटर, अंगावरचे केस काढायचं वॅक्सचं किट आणि टाचा घासायचं इलेक्ट्रिक यंत्र असं दिलं होतं. म्हणजे आमचा डबा त्या मानाने फारच सुसंस्कृत. तिथे बोंबाबोंब झाली, आयोजकांपैकी काहींना राजीनामे द्यावे लागले. आपल्याकडे डब्यावर कोण बोंब मारणार, आपण थँक्यू म्हणून घरी येतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. बायकांच्या खेळात बक्षीस कमी का, असं विचारलं की एकच उत्तर ठरलेलं असतं. मार्केट. पुरुषांचा खेळ लोक बघतात, तिकिटं खपतात, टीव्हीचा पैसा येतो, म्हणून त्यांना जास्त, यात भेदभाव कसला, हा तर साधा हिशोब. क्रिकेटबद्दल, टेनिसबद्दल हे बोललं जातं आणि ऐकायला पटतं पण. पण स्क्वॉश हा असा खेळ आहे की ज्यात हा हिशोब करताच येत नाही, कारण मार्केटच नाहीये! आपल्या देशात पुरुषांचं स्क्वॉशसुद्धा कोणी बघत नाही. नॅशनल्सच्या फायनलला गॅलरीत कोण असतं तर हरलेले खेळाडू, त्यांचे आईवडील, दोन कोच आणि क्लबचे चार मेंबर जे खरंतर बारमध्ये जाताना वाटेत थांबलेत. तिकीट नाही, जाहिराती नाहीत. मग इथे पुरुषाला जास्त आणि बाईला कमी हे कुठल्या मार्केटने ठरवलं?

दीपिका पल्लिकलची गोष्ट मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते. २०१२ च्या शेवटी ती जगात पहिल्या दहात पोचली, तिच्याआधी एकही भारतीय बाई तिथे गेली नव्हती. आणि त्याच वर्षापासून तिने आपल्याच देशाच्या नॅशनल्सवर बहिष्कार टाकला. २०१२ ते २०१५, सलग. कारण एकच, बक्षीस समान करा. २०१५ ची नॅशनल्स केरळमध्ये होती, तेव्हाचे आकडे पेपरमध्ये आले होते: पुरुष विजेत्याला १ लाख २० हजार, महिला विजेतीला ५० हजार. फरक ७० हजार रुपयांचा.

सत्तर हजार! देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेत. आपल्याकडे कुठल्याही उद्घाटनाला शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्हं, पाहुण्यांची गाडी, हॉटेल आणि स्टेजवरचा बॅनर यांचा खर्च काढला तर कदाचित तेवढ्यातच हे भागलं असतं. एवढ्या रकमेसाठी जगातली दहाव्या नंबरची खेळाडू चार वर्षं घरच्या स्पर्धेत नसते, आणि ते सगळ्यांना चालतं. मला त्या काळातला जो सगळ्यात टोचणारा विरोधाभास वाटतो तो म्हणजे २०१४ चा. ग्लासगोच्या कॉमनवेल्थमध्ये दीपिका आणि जोश्ना चिनप्पा यांनी महिला डबल्सचं गोल्ड आणलं, कॉमनवेल्थमधलं भारताचं स्क्वॉशचं पहिलंच गोल्ड. पुरुषांनी नाही, या दोघींनी. विमानतळावर हार घातले, बक्षिसं जाहीर झाली, आणि नॅशनल्समध्ये बायकांची रक्कम पुरुषांच्या निम्म्याहून कमीच राहिली.

जोश्ना त्या काळात नॅशनल्स खेळत राहिली, त्यावरून लोक उगाच दोघींची तुलना करायचे, ही बंडखोर आणि ती आज्ञाधारक वगैरे. मला ते मूर्खपणाचं वाटतं. एकीने बाहेर राहून दार वाजवलं, दुसरीने आत राहून खेळ जिवंत ठेवला, आणि दोघींचं पोट खेळावरच होतं. जोश्नाने पुढे २०१९ मध्ये आपल्या पुण्यातच सतरावं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून भुवनेश्वरी कुमारींचा सोळाचा विक्रम मोडला. पुण्यात किती लोकांना हे माहितीय? माझ्या ऑफिसात मी विचारलं, एकालाही नव्हतं. मात्र दीपिका म्हणजे दिनेश कार्तिकची बायको हे तिघांनी लगेच सांगितलं.

मग २०१६ उजाडलं, नॅशनल्स मुंबईत होती, बक्षीस समान केलं गेलं. दीपिका परत आली आणि जिंकली. काही कोसळलं नाही, कोणी स्पॉन्सर पळून गेला नाही, पुरुष खेळाडूंच्या ताटातला घास कोणी काढून घेतला नाही. जे चार वर्षं होऊ शकत नव्हतं ते एका मीटिंगमध्ये झालं, म्हणजे ते आधीही होऊ शकत होतंच. अडचण पैशाची नव्हती, सवयीची होती.

जगात तर हे आधीच घडायला लागलं होतं. फिलाडेल्फियाच्या यूएस ओपन स्क्वॉशने २०१३ मध्ये दोघांचं बक्षीस सारखं केलं, मोठ्या स्पर्धांमध्ये पहिल्यांदा. २०१५ च्या सुरुवातीला पुरुषांची आणि बायकांची वेगवेगळी असलेली संघटना एक झाली. २०१९ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला शिकागोच्या युनियन स्टेशनमध्ये, म्हणजे चक्क रेल्वे स्टेशनच्या भव्य हॉलमध्ये काचेचं कोर्ट उभं केलं, (आपल्या सीएसएमटीच्या हॉलमध्ये असं काही केलं तर काय दिसेल!) आणि एकूण बक्षीस १० लाख डॉलर, ५ लाख पुरुषांना, ५ लाख बायकांना. स्क्वॉशमध्ये एवढा पैसा त्याआधी कुठल्याच स्पर्धेत नव्हता. आणि ज्या वर्षी पहिल्यांदा एवढा मोठा आकडा आला त्याच वर्षी तो बरोबर मधोमध वाटला गेला.

इथे कोणीतरी म्हणणार की टेनिसमध्ये बायका तीन सेट खेळतात आणि पुरुष पाच, मग समान कसं. स्क्वॉशमध्ये तो पण प्रश्न नाही. दोघंही बेस्ट ऑफ फाइव्ह, दोघांची गेम ११ ची, कोर्ट तेच, बॉल तोच दोन पिवळ्या ठिपक्यांचा. पुढच्या भिंतीच्या तळाला जी पत्र्याची पट्टी असते, टिन म्हणतात तिला, तिला बॉल लागला की पॉइंट गेला, तीसुद्धा बायकांसाठी आधी १९ इंच होती, ती २०१५ मध्ये पुरुषांइतकी १७ इंचांवर आणली. दोन इंच ऐकायला काहीच वाटत नाही पण त्याने सगळा खेळ बदलतो, ड्रॉप, म्हणजे पुढच्या भिंतीजवळच पडणारा हलका फटका, अजून खाली मारता येतो, पुढे धावावं जास्त लागतं, नुसतं बॉल परत करत राहून जिंकता येत नाही. मलेशियाची निकोल डेव्हिड, जी २००६ पासून सलग नऊ वर्षं एक नंबरला होती आणि आठ वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाली, तिच्या दमदार डिफेन्सच्या खेळाला याच बदलाचा फटका बसला असं जाणकार म्हणतात. म्हणजे बायकांनी काम समान करून घेतलं, अवघड करून घेतलं. मग दाम?

आणि मार्केटवाल्यांसाठी अजून एक. ऑस्ट्रेलियाची हेदर मॅके १९६२ ते १९७७ स्क्वॉशच्या सलग सोळा ब्रिटिश ओपन जिंकली, आणि सबंध कारकिर्दीत फक्त दोन मॅच हरली. दोन! कुठल्याही खेळात कुठल्याही पुरुषाचा असा रेकॉर्ड असता तर त्याच्या नावाने चौक झाले असते. लोकांना काय बघावंसं वाटतं हे आकाशातून पडत नाही, कॅमेरा कुठे लावला आणि खुर्च्या कुठल्या कोर्टसमोर मांडल्या यावर ते ठरतं. अडीचला मागच्या कोर्टवर मॅच ठेवायची आणि मग म्हणायचं मुलींची मॅच बघायला कोणी येत नाही.

आता माझ्या बाजूची कच्ची गोष्ट पण सांगते, नाहीतर हे एकतर्फी होईल. त्या टूर्नामेंटवरून परत येताना गाडीत मी तावातावाने बोलत होते आणि मागून भाची म्हणाली, "मावशी, पण त्याला पाच मॅच जिंकाव्या लागल्या, मला तीनच. आमच्या ड्रॉमध्ये आठच जणी होत्या, त्यांच्यात बत्तीस जण." मी गप्प. कारण तिचं बरोबर होतं. एन्ट्र्या कमी येतात हे खरं आहे, आयोजक खोटं बोलत नाहीत. बत्तीस मुलांच्या एन्ट्री फीमधून आठ मुलींचं बक्षीस काढायचं का, हा प्रश्न चुकीचा नाही आणि समानतेचं नाव घेऊन तो उडवून लावणं मला पटत नाही.

पण मग आठच का येतात ते बघूया ना. आपल्या मध्यमवर्गीय घरात दहावी जवळ आली की खेळ कोणाचा आधी सुटतो? मुलाला सांगतात, थोडं कमी खेळ. मुलीला सांगतात, आता बास. रॅकेट आठ-दहा हजारांची, नॉन-मार्किंग शूज सहा महिन्यांत फाटतात, कोचची फी, चेन्नईला टूर्नामेंट असली की एका मोठ्या माणसाची रजा आणि दोन तिकिटं, कारण मुलीला एकटीला पाठवत नाहीत. हा सगळा खर्च मुलीचा जास्त आणि मिळकत कमी. बाप काही खलनायक नसतो, तो फक्त गणित करतो, आणि त्या गणितात आपण आयोजक म्हणून, फेडरेशन म्हणून स्वतःच्या हाताने उत्तर लिहून ठेवलेलं असतं की हिच्या जिंकण्याची किंमत अठराशे रुपये आणि डबा. मग पुढच्या वर्षी आठच्या सहा होतात आणि आपण परत म्हणतो, बघा, एन्ट्र्याच नाहीत. खालच्या राउंडची बक्षिसं ड्रॉप्रमाणे कमीजास्त ठेवा, मला चालेल. विजेत्याचं समान पाहिजे. आणि फायनलची वेळ आणि कोर्ट समान पाहिजे, त्याला तर एक रुपया लागत नाही.

इजिप्त बघा. आज बायकांच्या स्क्वॉशवर अक्षरशः इजिप्तचं राज्य आहे. रनीम एल वेलीली २०१५ मध्ये एक नंबरला पोचली. अलेक्झांड्रियाची नूर एल शेर्बिनी अठराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला होती आणि २०२५ मध्ये शिकागोला आठवं वर्ल्ड विजेतेपद घेऊन तिने निकोल डेव्हिडची बरोबरी केली. शिकागोनंतरच्या, २०१९ च्याच शेवटी झालेल्या पुढच्या वर्ल्डची या दोघींची फायनल गिझाच्या पिरॅमिडसमोर उघड्यावर काचेच्या कोर्टात झाली, मागे पिवळ्या दिव्यांत पिरॅमिड आणि पुढे दोन बायका घामाने निथळतायत. तिथे क्लबमध्ये मुलं-मुली शेजारच्या कोर्टांवर, कित्येकदा एकमेकांशीच खेळत मोठी होतात आणि वर्ल्ड चॅम्पियन त्याच क्लबात पाणी प्यायला उभी दिसते. तिथेही हा खेळ खात्यापित्या घरांचाच आहे, फार आदर्श वगैरे समजू नका. पण मुलींची मॅच ही दुय्यम गोष्ट आहे असं तिथल्या पोरीला कोर्टावर तरी कोणी शिकवत नाही.

आपल्याकडे पण हे जमतं, याचा पुरावा चेन्नईत आहे. स्क्वॉशचा वर्ल्ड कप मॉलमध्ये काचेचं कोर्ट लावून खेळवतात, आणि टीम मिक्स्ड, दोन पुरुष, दोन बायका, प्रत्येक मॅचचा पॉइंट सारखा. डिसेंबर २०२५ ला भारताने हाँगकाँगला ३-० हरवून तो पहिल्यांदा जिंकला. तीनमधल्या दोन मॅच कोणी जिंकल्या? ३९ वर्षांच्या जोश्नाने आणि १७ वर्षांच्या अनाहत सिंगने. मधली अभय सिंगने. आणि शॉपिंगच्या पिशव्या हातात घेऊन एस्कलेटरजवळ थांबलेल्या लोकांना ही महिला मॅच आहे का पुरुष मॅच याच्याशी काही देणंघेणं नसावं, भारताचा पॉइंट चाललाय एवढं पुरे. मला बक्षिसाच्या समानतेपेक्षासुद्धा हा फॉरमॅट जास्त धाडसी वाटतो, कारण यात बायकांची मॅच वगळून जिंकताच येत नाही. आपल्या जिल्हा स्पर्धा, शाळांच्या स्पर्धा अशा खेळवा की. ज्या शाळेला टीम उतरवायची तिला दोन मुली शोधाव्याच लागतील, आपोआप एन्ट्र्या वाढतील.

२०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉश पहिल्यांदा असणार आहे, आणि तो निर्णय आपल्या मुंबईत झाला, ऑक्टोबर २०२३ च्या ऑलिम्पिक कमिटीच्या अधिवेशनात. आपण तेव्हा फक्त क्रिकेट आलं म्हणून नाचलो. आता मेडलच्या गप्पा सुरू होतील, सरकार पैसा काढेल, कंपन्या सीएसआरमधून देतील, गोव्याची आकांक्षा साळुंखे काय किंवा अजून कोणी काय, एखादी चमकली की होर्डिंग लागतील. माझं म्हणणं एवढंच की हा पैसा द्यायच्या आधीच अट घाला. ज्या स्पर्धेला सरकारचा, महापालिकेचा एक रुपया किंवा एक मैदान मिळतं तिथे विजेत्यांचं बक्षीस समान, नाहीतर ग्रँट नाही. स्क्वॉशच कशाला, सगळ्याच खेळांना. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे, बायकांची पहिली सांगलीला २०२३ मध्ये झाली, बासष्ट वर्षं लागली. क्रिकेट बोर्डाने २०२२ मध्ये मॅच फी समान केली तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या, पण त्या वेळी वार्षिक करारात वरच्या श्रेणीच्या पुरुषाला ७ कोटी आणि बाईला ५० लाख होते हे टाळ्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. तिथे निदान मार्केटचं कारण तरी सांगता येतं, खरं असो खोटं असो. लहान खेळांना ते पण सांगता येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

हां, तर तो डबेवाला. पुढच्या वर्षी त्याच टूर्नामेंटचा फॉर्म भरायला गेले तेव्हा सेक्रेटरी भेटले, साठीचे गृहस्थ, बोलायला एकदम गोड. मी म्हटलं काका, यंदा मुलींचं बक्षीस मुलांइतकं ठेवा, फरक फक्त बाराशे रुपयांचा आहे, तो मी देते, हे घ्या आत्ताच. पाकीट काढलं पण. ते हसले, चहा मागवला, आणि म्हणाले, "अहो मॅडम, पैशाचा प्रश्नच नाहीये."

मी विचारलं, मग कशाचा आहे?

त्यांनी बराच वेळ विचार केला, खरंच मनापासून केला, टेबलावरच्या ट्रॉफी मोठी-मधली-छोटी अशा लावत होते त्यातली एक उचलून परत ठेवली, आणि म्हणाले, चहात साखर चालते ना?